वेल्ड केलेले अवजार पुन्हा त्याच ठिकाणी का मोडते?

फावड्याच्या नेढ्यालगत गेलेला तडा घरच्या मशीनवर वेल्ड केला, ग्राइंडरने तासून वर रंगही दिला, आणि थोड्याच दिवसांच्या वापरानंतर पाते वेल्डच्या ओळीला अगदी लागून पुन्हा सुटले, असा अनुभव बागेची अवजारे स्वतः दुरुस्त करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. कुदळीचे टोक, दंताळ्याचे दात, एकचाकी हातगाडीचे दांडे, फाटकाची बिजागरी, सगळीकडे तक्रार एकच असते. अशा वेळी जुन्या वेल्डवर आणखी एक जाड थर चढवला जातो, नाहीतर वरून आडवी पट्टी मारली जाते. जोड दिसायला भक्कम होतो, पण मोडण्याचे मूळ कारण आत तसेच राहते आणि पुढच्या खेपेला अवजार अधिक वाईट रीतीने मोडते. म्हणून मशीन चालू करण्यापूर्वी मोडलेला भाग नीट पाहणे हे या दुरुस्तीतले पहिले काम आहे. जोड कुठून तुटला हे कळले, की तो का तुटला हेही बहुधा कळते.

तुटलेला भाग काय सांगतो

तुकडे वेगळे झाल्यावर त्यांची तोंडे लगेच पुसू नयेत आणि ती एकमेकांवर घासून जुळवूनही पाहू नयेत. उजेडात धरून प्रथम एवढेच ठरवावे, की तुटण्याची रेषा वेल्डच्या मधून गेली आहे, वेल्डच्या काठाने गेली आहे, की वेल्डपासून बोटभर अंतरावरून गेली आहे. या तिन्ही प्रकारांची कारणे वेगळी असतात, आणि उपायही वेगळे असतात.

रेषा वेल्डच्या मधून गेली असेल, तर दोष हाताचा किंवा मशीनच्या मांडणीचा असतो. तोंडाच्या तळाशी काळी, चकाकणारी खपली (रॉडच्या आवरणाचा वेल्डवर जमणारा काचेसारखा मळ) अडकलेली दिसते, किंवा टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे दिसतात, किंवा ग्राइंडरचे मूळ ओरखडे जसेच्या तसे शाबूत दिसतात. ही शेवटची खूण सर्वांत खात्रीची आहे. ओरखडे शाबूत राहिले, याचा अर्थ तिथले लोखंड वितळलेच नव्हते आणि रॉडमधून आलेला धातू त्यावर नुसता पसरून बसला होता. असा जोड बाहेरून कितीही गुळगुळीत दिसला, तरी आत तो जोड नसतोच.

रेषा वेल्डच्या काठाने गेली असेल, तर दोन शक्यता असतात. काठाला लागून बारीक खोबण दिसत असेल, तर करंट जास्त होता किंवा रॉड काठावर थांबवून न धरता घाईने पुढे नेला होता. त्यामुळे मूळ धातू खाल्ला गेला आणि त्याची जागा भरली गेली नाही. वेल्डर याला अंडरकट म्हणतात, आणि ताण साचायला एवढी खोबण पुरेशी असते. दुसरी शक्यता अशी, की खोबण मुळीच नाही, तुटलेले तोंड सपाट व दाणेदार आहे, उजेडात साखरेच्या कणांसारखे चमकते आहे, आणि तुटण्यापूर्वी पाते जराही वाकलेले नाही. असे असेल, तर वेल्डशेजारचे पोलाद ठिसूळ झाले आहे. बागेच्या अवजारांच्या बाबतीत वारंवार होणाऱ्या मोडतोडीचे हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि दुर्दैवाने तेच सर्वांत कमी वेळा ओळखले जाते.

तिसऱ्या प्रकारात वेल्ड शाबूत राहते आणि तडा त्याच्या जरा पलीकडे जातो. तोंडाचा काही भाग गुळगुळीत असून त्यावर एका कोपऱ्यापासून पसरत गेलेल्या पुसट कमानी दिसतात, आणि उरलेला भाग खडबडीत असतो. हा धातूचा थकवा होय: दर खेपेला थोडा थोडा वाढलेला तडा शेवटच्या एका झटक्यात पार झालेला असतो. गुळगुळीत भागावर तपकिरी गंज आणि खडबडीत भाग ताजा चकचकीत असेल, तर तडा बराच काळ तिथे होता आणि पाणी पीत होता, हे नक्की समजावे. अशा वेळी वेल्ड सुधारून काही उपयोग नसतो. जोडाचा आकारच बदलावा लागतो.

पोलाद कोणते आहे, ते आधी ठरवावे

हातगाडीची चौकट, फाटके, वेलींचे मांडव आणि कुंड्यांचे स्टँड साधारणपणे ज्या लोखंडाचे असतात, त्यात कार्बनचे प्रमाण ०.२५ टक्क्यांच्या आत असते. ते कसेही वेल्ड केले तरी सहसा तडकत नाही. कुदळ, टिकाव, चांगल्या प्रतीचे फावडे आणि पहार यांचे पोलाद मात्र मध्यम कार्बनचे, म्हणजे साधारण ०.३ ते ०.६ टक्के कार्बनचे असते, आणि छाटणीच्या कात्र्या, करवती व विळे यांच्यात ते त्याहूनही जास्त असू शकते. कार्बन वाढला, की पोलाद पाणी देण्याजोगे होते, म्हणजे लाल तापवून झटकन थंड केले की ते कडक होते. नेमकी हीच गोष्ट वेल्डिंगच्या वेळी आड येते. वेल्डच्या काठावरची चिंचोळी पट्टी काही क्षण लालभडक होते आणि शेजारचा थंड धातू तिची उष्णता झपाट्याने ओढून घेतो. त्या पट्टीला न देताच पाणी दिले जाते. तिथे मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण पण ठिसूळ रचना तयार होते, आणि पुढे दगडावर बसलेला एक घाव तिला पुरतो.

पोलाद ओळखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. अवजाराच्या नको असलेल्या कोपऱ्याला ग्राइंडर हलकेच लावावा आणि ठिणग्या काळोख्या पार्श्वभूमीवर पाहाव्यात. कमी कार्बनच्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि पिवळसर रेषांच्या असतात व त्यांना टोकाशी क्वचितच फाटे फुटतात. कार्बन वाढत जातो तसे फाटे वाढतात, आणि जास्त कार्बनच्या पोलादाची ठिणगी चाकाजवळच फुलबाजीसारखी फुटू लागते. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर असतात. ज्याचे पोलाद आधीच माहीत आहे असा एखादा तुकडा, उदाहरणार्थ साधा अँगल आणि जुनी कानस, शेजारी ठेवून तुलना केली तर अंदाज फारसा चुकत नाही. दुसरी कसोटी कानशीची आहे. वेल्डपासून दूर कानस धातूला धरत असेल, पण वेल्डच्या काठावर नुसती घसरत असेल, तर तिथला भाग कडक झाला आहे याबद्दल शंका उरत नाही.

ठिसूळपणावरचा उपाय

यावर उपाय म्हणजे जोड हळू थंड होईल अशी व्यवस्था करणे, आणि तिची सुरुवात वेल्डिंगच्या आधी होते. लाकडी दांडा काढून ठेवावा. तो तसाच ठेवला तर नेढ्यातले लाकूड करपून पुढे दांडा सैल होतो. मग तड्याच्या दोन्ही बाजूंचा निदान ५० ते ७५ मिलिमीटर भाग गॅसच्या ज्योतीने २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा. तापमान मोजायला तापदर्शक खडू मिळतात, पण तो नसला तरी चालते: पॉलिश पेपरने एक जागा चकचकीत करून ठेवली, की ती साधारण २०० ते २३० अंशांच्या दरम्यान फिकट पिवळी होते, २८० अंशांच्या आसपास जांभळी आणि ३०० अंशांच्या सुमारास निळी दिसते. पिवळा रंग गडद होऊ लागला, की थांबून वेल्डिंगला लागावे. जागा गंजलेली किंवा तेलकट असेल तर हे रंग दिसत नाहीत, म्हणून ती आधी घासणे आवश्यक आहे. धार जवळ असेल तर तिच्याभोवती ओले फडके गुंडाळावे, म्हणजे तिचे पाणी, म्हणजे तिला दिलेला कडकपणा, उतरणार नाही. मात्र फडक्यातले पाणी वेल्डच्या जागेपर्यंत ओघळता कामा नये.

वेल्ड झाल्यावर तो तापलेला तुकडा बादलीत बुडवण्याची सवय अनेकांना असते, आणि घरगुती दुरुस्तीतले निम्मे तडे या एका सवयीतून येत असावेत, असे माझे मत आहे. साध्या अँगलला ही खोड चालून जाते, म्हणून ती लागते. कुदळीला ती चालत नाही. वेल्ड होताच तुकडा कोरड्या राखेत, कोरड्या वाळूत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर तसाच ठेवावा. राख दमट असेल तर तिचा फायदा तर होत नाहीच, उलट तोटा होतो.

रॉडची निवड या ठिकाणी महत्त्वाची ठरते. घरोघरी वापरला जाणारा ६०१३ हा रॉड सहज पेटतो, त्याची खपली सहज सुटते आणि साध्या लोखंडासाठी तो उत्तम आहे. पण त्याच्या आवरणातून वितळत्या धातूत हायड्रोजन जातो. मध्यम कार्बनच्या पोलादात हा हायड्रोजन वेल्डशेजारच्या कडक पट्टीत जाऊन साचतो आणि तिथे तडा पाडतो. हा तडा वेल्ड करताना दिसत नाही. तो काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही उमटतो. अवजार काल चांगले होते आणि आज न वापरताच तडकलेले दिसले, याचे कारण हेच असते. त्यामुळे कुदळ, टिकाव, पहार यांसाठी कमी हायड्रोजनचा ७०१८ रॉड घ्यावा. नावातील पहिले दोन आकडे वेल्डच्या धातूची ताणशक्ती हजार पौंड प्रति चौरस इंच या मापात सांगतात, म्हणजे ६०१३ ची किमान ६०,००० आणि ७०१८ ची किमान ७०,०००. परंतु आपल्या कामात त्या दहा हजारांच्या फरकापेक्षा कोरडेपणाचा फरक मोलाचा आहे.

अर्थात ७०१८ कोरडा राहिला तरच त्याचा उपयोग. फोडलेला पुडा आठवडाभर उघडा राहिला, की आवरण हवेतील ओल शोषते, त्या ओलीतून पुन्हा हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि महाग रॉड घेतल्याचा मुद्दाच उरत नाही. ओल धरलेले रॉड ३०० ते ३५० अंशांच्या आसपास, म्हणजे निर्माता पुड्यावर सांगेल त्या तापमानाला, तासभर भाजावे लागतात, आणि घरातल्या बहुतेक भट्ट्या तिथपर्यंत पोहोचत नाहीत. त्यापेक्षा लहान पुडा घेऊन तो एका बैठकीत संपवणे शहाणपणाचे आहे. हा रॉड डीसी मशीनवर, रॉड धरणारा होल्डर धन टोकाला जोडून चालवावा. काही लहान इन्व्हर्टर मशीनचे कामापूर्वीचे व्होल्टेज कमी असल्यामुळे त्यांच्यावर तो पुनःपुन्हा विझतो, तेव्हा मशीनच्या पुस्तिकेत हा रॉड चालतो असे लिहिले आहे का, ते आधी पाहावे.

पोलाद कोणते हे कळतच नसेल किंवा तापवण्याची सोय नसेल, तर ३१२ या स्टेनलेस रॉडचा पर्याय आहे. त्याच्या धातूत सुमारे २९ टक्के क्रोमियम आणि ९ टक्के निकेल असते, आणि अनोळखी पोलादाशी तो बऱ्यापैकी जमवून घेतो. त्याचा धूर मात्र साध्या रॉडच्या धुरापेक्षा घातक असतो, म्हणून तो उघड्या हवेत, वाऱ्याकडे पाठ न करता, वारा एका बाजूने येईल असे उभे राहून वापरावा.

तडा मुळापासून काढणे

जुन्या वेल्डवर नवे वेल्ड चढवले, तर जुना तडा त्याच्या खाली झाकला जातो आणि वापर सुरू होताच तिथूनच वर येतो. म्हणून जुने वेल्ड पूर्ण घासून काढावे. तडा कुठे संपतो हे डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे तो हमखास गेलेला असतो, आणि ते टोक शोधण्याची एक साधी रीत आहे. जागा घासून स्वच्छ केल्यावर तीवर रॉकेल लावावे, पाच-दहा मिनिटे मुरू द्यावे, कोरड्या फडक्याने पृष्ठभाग अगदी कोरडा पुसावा आणि त्यावर खडूची भुकटी पातळ पसरावी. थोड्या वेळाने तड्यात शिरलेले रॉकेल भुकटीत वर चढते आणि पांढऱ्यावर एक बारीक, ओलसर, गडद रेघ उमटते. ती रेघ जिथे संपेल त्याच्या किंचित पुढे ३ मिलिमीटरचे भोक पाडावे. या गोल भोकामुळे तड्याचे धारदार टोक नाहीसे होते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो पुढे पळत नाही. रॉकेल नंतर पूर्णपणे पुसून, उडून जाईपर्यंत थांबून, मगच ज्योत किंवा मशीन जवळ आणावी. ब्रेक साफ करण्याचे काही स्प्रे क्लोरीनयुक्त द्रावकांचे असतात. ते यासाठी अजिबात वापरू नयेत, कारण त्यांच्या वाफेवर वेल्डिंगच्या प्रकाशातील अतिनील किरण पडले, की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

यानंतर तड्याच्या पूर्ण लांबीवर सुमारे ६० अंशांची व्ही आकाराची खाच घ्यावी. ३ मिलिमीटरपेक्षा जाड पात्याला ती घेतलीच पाहिजे. शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी अर्धी अर्धी घ्यावी, म्हणजे पाते कमी वाकते. २.५ मिलिमीटरच्या रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर आणि ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १३० अँपिअर लागतात. रॉडच्या टोकापासून धातूपर्यंतचे अंतर रॉडच्या जाडीइतकेच ठेवावे. वेल्डची ओळ दोरीसारखी फुगून पृष्ठभागावर बसत असेल आणि रॉड चिकटत असेल, तर करंट कमी आहे. ओळ चपटी होऊन काठ खाल्ले जात असतील आणि अर्धा रॉड संपताच उरलेला लाल होत असेल, तर करंट जास्त आहे. प्रत्येक थरानंतर खपली हातोडीने आणि तारेच्या ब्रशने पूर्ण काढावी, नाहीतर तीच पुढच्या थराखाली अडकते.

करंटचा आकडा योग्य असूनही वेल्ड आत जात नसेल, तर दोष बहुधा वायरचा असतो. बागेच्या टोकापर्यंत ओढलेली लांब आणि बारीक जोडवायर व्होल्टेज खाते, आणि गुंडाळीतच ठेवली तर तापतेही. वायर जाड घ्यावी, पूर्ण उलगडावी, आणि अर्थिंगचा क्लॅम्प रंग खरवडलेल्या स्वच्छ धातूवर, जोडाच्या शक्य तितक्या जवळ लावावा. हातगाडीच्या चाकाला किंवा आसाला क्लॅम्प लावून चौकटीवर वेल्ड केले, तर विद्युतप्रवाह बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या गोळ्यांवर खड्डे पडतात. महिन्याभराने चाक खरखरू लागले, की दोष बेअरिंगवर ढकलला जातो.

जोडाचा आकार

हातगाडीचे दांडे पुन्हा पुन्हा मोडतात, तेव्हा वेल्ड चांगले असूनही असे का होते, याचे उत्तर ताण कुठे येतो यात आहे. ओझे मध्यभागी असते आणि दांडा एका टोकाला चाकावर, दुसऱ्या टोकाला हातांवर टेकलेला असतो. त्यामुळे दांड्याच्या पाइपची खालची बाजू ताणली जाते आणि वरची बाजू दाबली जाते. पायांची पट्टी नेमकी याच खालच्या बाजूवर आडवी वेल्ड केलेली असते. ताणाच्या दिशेला आडवी गेलेली वेल्डची ओळ, तिच्या काठाचा छोटासा खाचखळगा आणि दर चढउतारावर बसणारे हेलकावे, एवढे तिन्ही एकत्र आले की थकव्याचा तडा ठरलेला आहे.

यासाठी पायाची पट्टी पाइपच्या खाली आडवी न लावता पाइपच्या दोन्ही कुशींवर, लांबीच्या दिशेने लावावी, कारण कुशीवर ताण सर्वांत कमी असतो. पट्टीची टोके चौकोनी न ठेवता निमुळती कापावीत आणि निमुळत्या टोकाच्या अगदी शेवटी वेल्ड सुरू किंवा बंद करू नये. ओळ जिथे थांबते तिथे खळगा उरतो आणि तडा पहिल्यांदा त्याच खळग्यात जन्म घेतो. म्हणून ओळ कमी ताणाच्या जागी संपवावी आणि रॉड उचलण्यापूर्वी क्षणभर मागे नेऊन खळगा भरून घ्यावा. मोडलेला पाइप नुसता टोकाला टोक लावून जोडू नये. त्याच्या आत घट्ट बसणारा पाइपचा तुकडा, निदान पाइपच्या व्यासाच्या चौपट लांबीचा, घालावा. बाहेरील पाइपला कुशींवर ८ ते १० मिलिमीटरची दोन-दोन भोके पाडून ती भोके वेल्डने भरावीत आणि मग मधली फट जोडावी. पाइपची दोन्ही टोके बंद असतील, तर वेल्ड करण्यापूर्वी एक लहान भोक अवश्य पाडावे, कारण आत अडकलेली हवा आणि ओल तापून पाइप फुटू शकतो.

फावड्याच्या बाबतीत तडा बहुतेक वेळा रिव्हेटच्या भोकातून निघतो. तडा भरल्यावर ते भोकही वेल्डने बुजवून टाकावे आणि दांडा बसवण्यासाठी नवे भोक नेढ्यावर वरच्या बाजूला, पात्यापासून दूर पाडावे. वर पट्टी मारण्याचा मोह होत असेल, तर पट्टी पात्याएवढीच किंवा त्याहून पातळ असावी. जाड पट्टीने तेवढा भाग ताठ होतो आणि सगळे वाकणे पट्टीच्या काठावर एकवटते. तिसऱ्या प्रकारचा, बोटभर अंतरावरचा तडा याच दुरुस्तीची देणगी असतो.

पातळ पत्रा आणि जस्ताचा लेप

हातगाडीचे घमेले साधारण १ मिलिमीटर पत्र्याचे असते आणि तिथे उलट अडचण येते: जोड तडकत नाही, तर भोक पडते, ते भरायला जावे तर मोठे होते. २ मिलिमीटरचा रॉड ४० ते ५० अँपिअरवर घेऊन, मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरून, एका ठिकाणी टाका मारावा, मग दूरच्या ठिकाणी मारावा आणि मधली जागा हाताला सोसेल इतकी थंड झाल्यावरच भरावी. गंजाने चाळण झालेला पत्रा मात्र वेल्ड करण्याच्या फंदात पडू नये. तेवढा भाग कापून नवा तुकडा रिव्हेटने बसवणे अधिक टिकाऊ ठरते.

जस्तलेपित पाइपवर किंवा पत्र्यावर वेल्ड छिद्रांनी भरते, कारण जस्त ९०७ अंशांनाच उकळते आणि लोखंड वितळायला १,५०० अंशांच्या आसपास जावे लागते. ही वाफ वितळत्या धातूतून बुडबुडे काढत बाहेर पडते. तिचा पांढरा धूर श्वासात गेला, तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. जोडाच्या दोन्ही बाजूंचा निदान २५ मिलिमीटर लेप, पत्र्याच्या मागच्या बाजूचाही, घासून काढावा आणि काम झाल्यावर तिथे जस्तयुक्त रंग द्यावा.

बळकटीची जोड

दुरुस्ती चालूच आहे तर अवजार अधिक टिकाऊ करावे, असा विचार मनात येतो आणि तो योग्यही आहे. हातगाडीच्या पायांखाली वाकवलेल्या पट्टीची घसरण वेल्ड केली, तर पाय मातीत रुतत नाहीत आणि पायांच्या जोडावरचा आडवा झटका कमी होतो. कुदळीचे झिजलेले टोक मोटारीच्या पाटा-स्प्रिंगचा तुकडा जोडून लांबवता येते. त्या पोलादात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असल्यामुळे तापवणे, ७०१८ आणि राख, हा सगळा क्रम त्याला तंतोतंत लागू आहे. हार्डफेसिंगचे, म्हणजे झीज रोखणारा कठीण थर चढवणारे, रॉड वापरायचे असतील, तर थर पात्याच्या एकाच बाजूला, धारेलगत द्यावा. मागची नरम बाजू आधी झिजते, कठीण बाजू पुढे राहते आणि धार आपोआप टिकते. खुरप्यासारख्या पातळ पात्यावर मात्र हा थर देऊ नये, कारण अशा थरात थंड होताना बारीक आडवे तडे पडतात. जाड कुदळीला ते बाधत नाहीत, पण पातळ पात्यात ते थेट आरपार जातात.

काही वस्तू वेल्डिंगपासून दूर ठेवाव्यात. कात्रीचे पाते वेल्ड केले, तर धारेचे पाणी उतरते आणि ती पुन्हा कधी नीट कापत नाही. बिडाच्या पंपाचे किंवा बाकाच्या पायाचे तुकडे निकेलच्या रॉडने, २५ मिलिमीटरचे छोटे टाके मारत आणि प्रत्येक टाका हातोडीने हलकेच ठोकत जोडता येतात. पण बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो आणि नवख्या हाताला ते काम क्वचितच साधते, त्यापेक्षा पितळी झाळकाम सोपे जाते. गवत कापण्याच्या यंत्राची इंधनाची टाकी रिकामी असली तरी तिला होल्डर लावू नये, कारण उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

बागेतच काम करायचे असेल, तर सुके गवत दूर करून जमीन भिजवून घ्यावी, पण स्वतः ओल्या मातीत उभे न राहता कोरड्या लाकडी फळीवर उभे राहावे. होल्डर आणि अर्थिंग यांच्यामध्ये काम सुरू होण्यापूर्वी ६० ते ९० व्होल्ट असू शकतात आणि घामेजलेल्या हातांना ते पुरेसे असतात. मुखवट्याला १० किंवा ११ क्रमांकाची काच, अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास त्या जागेवर नजर, एवढे पाळलेच पाहिजे.

दुरुस्त केलेले अवजार राखेतून काढल्याबरोबर त्याला दांडा बसवू नये आणि रंगही देऊ नये. उशिरा येणारा तडा येण्यासाठी दोन दिवस जाऊ द्यावेत, मग रॉकेल आणि खडूची चाचणी वेल्डच्या दोन्ही काठांवर पुन्हा घ्यावी आणि कानस काठावर घसरते का ते पाहावे. रेघ उमटली नाही आणि कानस धरली, तर दांडा बसवून अवजार प्रथम मऊ मातीत वापरावे. रेघ उमटली, तर वर थर न चढवता तेवढा भाग पुन्हा तळापर्यंत खोदून काढावा, नव्या पुड्यातला कोरडा रॉड घ्यावा, आणि या खेपेला आधीच्यापेक्षा सुमारे ५० अंश जास्त तापवून, चकचकीत केलेली जागा निळी होऊ लागेपर्यंत नेऊन, मग वेल्डिंगला सुरुवात करावी.